खिडकी बदलायची, पण कुठपर्यंत?

टूवूंबा क्वीन्सलंडमध्ये असलं, तरी क्वीन्सलंडचं जे चित्र आपल्या डोक्यात असतं त्यात ते बसत नाही. ब्रिस्बेनच्या पश्चिमेला सव्वाशे किलोमीटरवर, घाट चढून साधारण 700 मीटर उंचीवरचं हे गाव. जुलैत पहाटे पारा 5-6 अंशांवर येतो, काही दिवस गवतावर पांढरं हिम दिसतं. जुनी घरं मात्र बरीचशी किनाऱ्यावरच्या उकाड्याला शोभतील अशी आहेत: खांबांवर उचललेली, पातळ लाकडी भिंतींची, वारा खेळता राहावा म्हणून भरपूर खिडक्यांची. त्यामुळे पहिला हिवाळा काढला की घरात विषय निघतोच, खिडक्या बदलूया का?

मग दोन-तीन कोटेशन्स येतात आणि गोंधळ सुरू होतो. खिडकी तीच, काच जवळपास तीच, पण आकड्यांत मोठा फरक. कारण बहुतेक वेळा काचेत नसतं. एक जण जुनी चौकट ठेवून तिच्या आत नवी खिडकी बसवणार असतो, दुसरा चौकटीसकट सगळं काढून भिंतीतल्या मोकळ्या जागेपासून सुरुवात करणार असतो. कोटेशनमध्ये दोन्हीला ‘रिप्लेसमेंट’च म्हटलेलं असतं. म्हणून पहिला प्रश्न काचेचा नको. जुन्यातलं काय काय निघणार, हे आधी विचारा.

इथे आपला महाराष्ट्रातला अनुभव थोडा आडवा येतो. आपल्याकडे जुन्या घरातली लाकडी चौकट होल्डफास्टने विटांच्या भिंतीत घट्ट बसवलेली असते. ती काढायची म्हणजे गिलावा फोडणं आलं, गवंडी आला, रंग आला. टूवूंबाच्या न्यूटाउन किंवा ईस्ट टूवूंबासारख्या भागांतल्या जुन्या लाकडी घरात चौकट भिंतीतल्या उभ्या वाशांना खिळ्यांनी ठोकलेली असते. आजूबाजूच्या पट्ट्या काढल्या की ती निघते. 1980 नंतरच्या बऱ्याच घरांत बाहेरून विटा दिसतात, पण तो नुसता पडदा असतो. घराचा सांगाडा आत लाकडाचाच, आणि ॲल्युमिनियमची खिडकी त्या सांगाड्याला धरलेली. तेव्हा ‘चौकट काढायची’ हे ऐकून दचकायचं कारण नाही. पण काढलीच पाहिजे असंही नाही.

चौकटीत चौकट बसवण्याचा फायदा उघड आहे. काम लवकर होतं, आतल्या पट्ट्या आणि बाहेरच्या फळ्या शाबूत राहतात. किंमत मोजावी लागते ती उजेडात. 600 बाय 1200 मिलिमीटरची काच धरा आणि नव्या चौकटीने चारही बाजूंनी 30 मिलिमीटर खाल्ले असं समजा. काच उरते 540 बाय 1140, म्हणजे जवळजवळ 15 टक्के कमी. मोठ्या खिडकीत हे जाणवत नाही. पण या घरांत दोन-तीन अरुंद झडपा शेजारी शेजारी असतात, तिथे खोली चांगलीच काळोखी होऊ शकते. दुसरी गोष्ट, जुनी चौकट काटकोनात असेल तरच हे जमतं. घर लाकडी, खाली चिकणमाती. पावसात ती फुगते, दुष्काळात आक्रसते आणि वरचं घर थोडंथोडं हलतं. दोन्ही कर्ण मोजा. फरक थोडा असेल तर पाचर मारून निभावतं. जास्त असेल तर नवी खिडकी सरळ बसेल आणि फट तिरकी उरेल.

ही फट हाच सगळ्या प्रकरणाचा गाभा. आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये ग्रॅनाइटच्या तयार चौकटीत ॲल्युमिनियमची खिडकी बसवून कडेने सिलिकॉन फिरवतात. दोन-चार पावसाळ्यांनी तिथूनच भिंतीला ओल येते, हे सगळ्यांनी पाहिलंय. सिलिकॉन म्हातारं होतं. पाण्याला खरं अडवतो तो पत्रा, आणि त्याचा नियम कौलांचाच: वरचं खालच्यावर. खिडकीच्या डोक्यावरचा पत्रा वरच्या फळीच्या मागे शिरलेला हवा आणि खालचा पत्रा बाहेरच्या बाजूला उतरता. जुन्या चौकटीत नवी खिडकी घालता तेव्हा तुम्ही पन्नास वर्षांपूर्वीच्या पत्र्यावर भिस्त ठेवता. तो ठीक असेल तर उत्तम. गंजला असेल तर नव्या कोऱ्या खिडकीमागून पाणी गुपचूप भिंतीत उतरत राहील.

म्हणून कोटेशन मागवण्याआधी स्क्रू ड्रायव्हर घेऊन फिरा. चौकटीच्या खालच्या दोन कोपऱ्यांत टोचून पाहा. लाकूड टणक लागलं तर चौकट राहू शकते. टोक लोण्यात जावं तसं आत गेलं, किंवा खालची भिंत फुगलेली दिसली, तर ती खिडकी चौकटीसकटच निघाली पाहिजे. एकाच घरात दोन खिडक्यांचा निकाल वेगळा लागू शकतो. पश्चिमेची आणि बाथरूमची बहुधा आधी जाते. सगळ्या घराला एकच पद्धत, हा विकणाऱ्याच्या सोयीचा हिशेब आहे.

जुन्या पल्ल्यातच दुहेरी काच घालता येत नाही का? कधी येते, पण वजन बघा. काचेचं वजन दर चौरस मीटरला, दर मिलिमीटर जाडीमागे अडीच किलो. 3 मिलिमीटरची साधी काच साडेसात किलो, तर 4 अधिक 4 ची दुहेरी काच 20 किलो. वरखाली सरकणाऱ्या जुन्या खिडकीच्या दोऱ्या आणि भिंतीत लपलेली वजनं जुन्या हिशेबाची असतात, आणि काच बसण्याची खाचही उथळ असते.

आता ज्या गोष्टीमुळे हा लेख लिहावासा वाटला, तिच्याकडे येतो. 1890च्या दशकात ब्रिस्बेनच्या मुलांच्या रुग्णालयातल्या डॉक्टरांना लहान मुलांमध्ये शिशाची विषबाधा दिसू लागली. ती कुठून होते ते कळत नव्हतं. 1904 मध्ये डॉ. लॉकहार्ट गिब्सन यांनी बोट ठेवलं ते घराच्या रंगावर. व्हरांड्याच्या कठड्याचा रंग उन्हाने भुकटी होतो, मुलांच्या हाताला लागतो आणि बोटं तोंडात जातात. त्यांना पटकन कोणी मानलं नाही. क्वीन्सलंडमध्ये मुलांच्या हाताशी येणाऱ्या जागी असा रंग लावण्यावर कायद्याने बंदी आली ती 1922 मध्ये. पण ऑस्ट्रेलियात 1970 पूर्वीच्या घरांच्या रंगात शिसं असण्याची शक्यता आजही धरूनच चालतात. नव्या रंगाच्या थरांखाली तो तसाच बसलेला असतो.

खिडकी ही त्यातली वाईट जागा, कारण पल्ला चौकटीवर घासला की बारीक धूळ पडते. जुनी खिडकी तशीच ठेवणं म्हणजे काहीच न करणं नव्हे. चौकट उपटताना रंगाचे पापुद्रे उडतात, आणि कोरडं घासणं तर सगळ्यात घातक. घरात रांगतं मूल असेल किंवा कोणी गरोदर असेल तर आधी रंग तपासून घ्या, आणि काम चालू असताना त्यांना दुसरीकडे ठेवा. कारागिराला विचारा: प्लास्टिक अंथरणार का, ओलं करून खरवडणार का, कचरा कुठे जाणार? 1990 पूर्वीच्या घरात भिंतीच्या पत्र्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं, तेही याच वेळी विचारा. पद्धत निवडताना हा मुद्दा पैशाच्या आधी यावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

या हिशेबात एक साधा पर्याय उठून दिसतो: खिडकी धड असेल तर तिला हात न लावता आतून दुसरा थर बसवणं, काचेचा किंवा ॲक्रिलिकचा. मध्ये 12 ते 20 मिलिमीटर हवा राहिली की थंडीपुरतं काम होतं. रस्त्याचा आवाज अडवायचा तर अंतर 100 मिलिमीटरच्या आसपास हवं. रोज उघडायच्या खिडकीला ही भानगड नको, पण उत्तर-दक्षिण वारा खेळायला दोन खिडक्या मोकळ्या ठेवून बाकीच्यांना हे करता येतं. पश्चिमेच्या उन्हाला मात्र बाहेरून सावलीच लागते. दुहेरी काच एकटी ते ऊन थोपवत नाही.

क्वीन्सलंडमध्ये 3,300 डॉलरपेक्षा मोठ्या बांधकामाला क्यूबीसीसीचा परवाना लागतो. क्रमांक त्यांच्या साइटवर पडताळता येतो. जुन्या वस्तीत रस्त्याकडची खिडकी बदलायची असेल तर आधी कौन्सिलला फोन करा, काही घरं वारसा यादीत असतात. आणि घर उंच खांबांवर असेल तर बेडरूमच्या नव्या खिडकीला 125 मिलिमीटरपेक्षा जास्त न उघडणारा अडसर मागा. जमिनीपासून दोन मीटर किंवा त्याहून उंच बेडरूमसाठी 2013 पासून बांधकाम नियमांत तो आहेच.

भाड्याने राहत असाल तर यातलं बरंच तुमच्या हातात नाही. पण सप्टेंबर 2024 पासून क्वीन्सलंडमधल्या प्रत्येक भाड्याच्या घराला किमान निकष लागू आहेत: घरात पाऊस-वारा शिरू नये आणि खिडकीची कडी लागली पाहिजे. हे मालकाला लेखी कळवा. तोवर जाड पडदा लावा, पण वरची फट बंद करून. काचेला टेकून गार झालेली हवा पडद्याखालून खोलीत उतरते, आणि तिच्या जागी वरच्या फटीतून गरम हवा आत ओढली जाते. आपल्याकडे एकेकाळी दिवाणखान्यात शोभेला लावायचे ते पेल्मेट इथे खरंच कामाला येतं.