थेंब मोजून पाडण्याची विद्या

पाणी वाटून घेण्याची विद्या खानदेशाला नवी नाही. धुळे जिल्ह्यात पांझरेवर बंधारे घालून पाटाने पाणी देणारी फड पद्धती काही शतकांची जुनी आहे. तेथे वाटणी शेतागणिक होते. ठिबक सिंचनात ती झाडागणिक करावयाची असते. १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस जळगावात भवरलाल जैन यांच्या उद्योगाने ठिबक संच बनविण्यास आरंभ केला आणि केळीबागांतून नळ्या पसरल्या.

नळीला भोक पाडले की झाले, असे कोणालाही वाटेल. हिशेब करून पाहू. नळीत दहा मीटर उंचीच्या टाकीइतका दाब आहे आणि ताशी ४ लिटरच पाणी हवे आहे. तर भोक अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक लागते. विहिरीच्या पाण्यातील क्षार आणि गाळ ते हां हां म्हणता बुजवितात. मोठे करावे, तर थेंबाऐवजी चिळकांडी उडते.

यावर तोड अशी की, वाट रुंद ठेवावयाची, पण लांब आणि वाकडी करावयाची. ड्रिपर उकलून पाहिला तर आत दातेरी, नागमोडी खाच दिसते. पाणी दात्यादात्यावर आपटते, भोवरे होतात, दाब खर्ची पडतो. तोंडाशी येईतो जोर ओसरलेला असतो. मग पृष्ठताण त्याचा थेंब बांधतो. काही ड्रिपरांत रबराचा पडदाही असतो. दाब वाढला की तो वाट आवळतो. त्यामुळे पहिल्या आणि शेवटच्या झाडाला जवळजवळ सारखेच पाणी मिळते.

प्रयोगशाळेत हेच काम केसाएवढ्या रुंदीच्या नलिकांत चालते. २००१ साली अमेरिकेत दाखविलेल्या एका रीतीत, तेल वाहत असलेल्या नलिकेला पाण्याची नलिका आडवी जोडतात. पाण्याची जीभ आत शिरून वाट अडविते, मागे तेल तुंबते आणि शेवटी ती जीभ तोडून टाकते. असे एकसारखे थेंब पडत राहतात. आज एका नमुन्याचे सुमारे २०,००० थेंब करून प्रत्येकात रोगजंतूचे जनुक आहे की नाही, हे वेगवेगळे तपासता येते. शेतात काय, प्रयोगशाळेत काय, थेंबाचे माप वाटेच्या घडणीत असते.

मात्र ड्रिपर झाडाचे पाणी मोजतो, विहिरीचे नव्हे. वाचलेल्या पाण्यावर आणखी दोन एकर केळी लावली, तर रावेर-यावलच्या भूजलाची पातळी खाली जावयाची थांबणार नाही. किती एकर भिजवावयाचे, हा हिशेब गावानेच बसून करावा लागेल.