रोज एकच क्वार्टर

संध्याकाळी सात चाळीसच्या सुमाराला आंबिवली स्टेशनात उतरायचं, ठरलेल्या दुकानातून ठरलेल्या ब्रँडची क्वार्टर घ्यायची, घरी येऊन स्टीलच्या त्याच पेल्यात ओतायची आणि साडेआठला ताटावर बसायचं. माझा धाकटा भाऊ सहा वर्षं हेच करत होता. शिवीगाळ नाही, उधारी नाही, कामावर खाडा नाही. आई म्हणायची, "लोक कसे पितात बघतेस ना? हा बिचारा एकच घेतो." मलाही ते पटायचं.

त्या एका क्वार्टरचा हिशेब आम्ही फार उशिरा मांडला. 180 मिली दारू, त्यात 42.8 टक्के अल्कोहोल, म्हणजे वजनात सुमारे साठ ग्रॅम. डॉक्टर एक 'ड्रिंक' मोजतात ते दहा ग्रॅमचं. म्हणजे तो रोज सहा ड्रिंक्स घेत होता. प्रमाण वाढत नव्हतं, कारण त्याच्या आयुष्यात कशाचंच प्रमाण वाढत नाही. पोळ्या दोनच, चहा अर्धा कपच. तोल जाणं, भांडणं, पैसे चोरणं या आपण व्यसनाच्या म्हणून ओळखतो त्या खुणांतली एकही त्याच्यात नव्हती. रोजचं ठरलेलं आहे म्हणजे ते ताब्यात आहे, हा आमच्याच घरातला पहिला गैरसमज.

एका 2 ऑक्टोबरला ड्राय डे होता आणि आदल्या दिवशी आणून ठेवायचं तो विसरला. रात्री त्याचे हात थरथरत होते, बनियन घामानं भिजलं होतं, तो खोलीभर येरझारा घालत होता. आम्हाला वाटलं, रुटीन मोडलं म्हणून बिथरलाय. रुटीन मोडल्याची तगमग आणि दारू न मिळाल्याची तगमग वरून अगदी सारखी दिसते. माझ्या भावासारख्या ऑटिस्टिक माणसाच्या घरच्यांनी ही एक गोष्ट तरी लक्षात ठेवावी असं मला फार वाटतं. घाम, थरथर, उलटी, वाढलेले ठोके ही शरीराची भाषा आहे. ते स्वभावावर ढकलू नये.

त्याला ऑटिझम आहे हे कळलं तेव्हा तो एकतीस वर्षांचा होता. "अहो, तो तर लहान मुलांचा आजार!" असं नात्यातल्या तिघांनी तरी मला ऐकवलं. तो आजार नाही, मेंदूची जन्मजात वेगळी घडण आहे आणि ती आयुष्यभर सोबत राहते. लिओ कॅनर यांनी 1943 मध्ये ज्या अकरा मुलांबद्दल लिहिलं, त्यांतले पहिले, डोनाल्ड ट्रिप्लेट, बँकेत नोकरी करून 2023 मध्ये एकोणनव्वदाव्या वर्षी वारले. आपल्याकडे 1995 च्या अपंग कायद्याच्या यादीत ऑटिझम नव्हताच. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात तो आला आणि 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या एकवीस प्रकारांत त्याला जागा मिळाली. त्यामुळे नव्वदच्या दशकात मोहने-आंबिवलीच्या शाळांत जी मुलं बोलत होती आणि पास होत होती, त्यांच्या वाट्याला 'घुम्या', 'एकलकोंडा', 'हट्टी' हेच शब्द आले. बाबा जिथं कामाला होते ती एनआरसी कंपनी 2009 मध्ये बंद पडली आणि या घुम्या मुलाला घाईघाईनं नोकरी धरावी लागली. त्याच्याकडे निदान नव्हतं, सवलत नव्हती. ठाण्यापर्यंतची लोकल मात्र रोज होती.

"असे लोक नियमानं वागणारे, चारचौघांत न मिसळणारे, त्यांना कसलं व्यसन लागतंय?" हे मी शिकलेल्या माणसांकडूनही ऐकलं आहे. यात अर्धं सत्य आहे. केंब्रिजच्या संशोधकांनी 2021 मध्ये दोन हजारांहून अधिक लोकांची पाहणी प्रसिद्ध केली. तीत ऑटिस्टिक लोक इतरांपेक्षा कमी वेळा पितात असं दिसलं. पण गांजासारखी द्रव्यं स्वतःला सावरण्यासाठी किंवा आवाज-उजेडाचा मारा सोसण्यासाठी घेतो, असं सांगण्याचं प्रमाण त्यांच्यात जवळजवळ नऊपट होतं. स्वीडनमध्ये सुमारे सत्तावीस हजार ऑटिस्टिक व्यक्तींच्या सरकारी नोंदी तपासून 2017 साली निष्कर्ष मांडले गेले. सोबत एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलता) किंवा बौद्धिक अपंगत्व नसतानाही व्यसनाशी निगडित त्रासाचा धोका इतरांच्या दुप्पट निघाला, आणि एडीएचडी असेल तर त्याहून पुष्कळ अधिक. त्यांच्या भावंडांत आणि आईवडिलांतही तो काहीसा जास्त होता. दोन्ही एकत्र वाचून मला उमगतं ते असं: अनेक जण बाटलीच्या वाटेला जातच नाहीत, पण जे जातात ते मौजेसाठी गेलेले नसतात, आणि म्हणून अडकतात.

'वाईट संगत' हा आपल्याकडचा ठरलेला खुलासा. माझ्या भावाला संगतच नव्हती. एकदाच ऑफिसातले लोक त्याला म्हणाले, "शुक्रवारी बसू या." तो गेला, खुर्चीवर बसला आणि सगळे पिऊ लागले तेव्हा त्याला त्या 'बसू या'चा अर्थ कळला. पण त्याच दिवशी त्याला आणखी काहीतरी सापडलं. ते काय, हे आम्हाला दहा वर्षांनी कळलं, तेही एका समुपदेशक बाईंनी तोंडी न विचारता कागद पुढे केला म्हणून. कागदावर प्रश्न होता, "दारूनं तुझं काय काम होतं?" त्यानं खाली क्रमांक घालून लिहिलं:

1. लोकलचा आवाज डोक्यातून जातो.
2. किचनमधली ट्यूबलाइट चालते.
3. आईचं बोलणं शेवटपर्यंत ऐकता येतं.
4. दिवसभर चेहरा नीट ठेवलेला असतो, तो सोडता येतो.

चौथी ओळ वाचून मी खाली बसले. दिवसभर इतरांसारखं हसायचं, नजर द्यायची, हातांची चाळवाचाळव दाबून धरायची, याला तज्ज्ञ 'मास्किंग' म्हणतात. गर्दीच्या वेळची कसारा लोकल कुणालाच सुखाची नसते. पण ज्याच्या कानाला प्रत्येक हॉर्न, प्रत्येक रिंगटोन सारख्याच जोरानं आदळतो, तो घरी येतो तेव्हा सोलून निघालेला असतो. त्यातून भूक, थकवा, नशा या आतल्या जाणिवा अनेक ऑटिस्टिक लोकांना उशिरा किंवा अंधूक कळतात. 'आता पुरे' हा शरीराचा इशारा पोचेपर्यंत पेला रिकामा झालेला असतो.

"मग पिऊन बरं वाटतं तर घेऊ दे की," असंही लोक म्हणतात. चार तास बरं वाटतं हे खरं. पण दारूची झोप तुटक असते, आणि रोज पिणाऱ्याचा मेंदू दारू उतरली की जास्तच सावध, जास्तच घाबरा होतो. सकाळची ट्यूबलाइट आणखी टोचते. ऑटिझमबरोबर फिट्स असणाऱ्यांचं प्रमाणही इतरांहून जास्त आहे. त्यांच्या गोळ्यांवर दारू म्हणजे जिवाशी खेळ.

आता लोकलच्या डब्यातल्या त्या चिकटवलेल्या कागदांबद्दल. 'न सांगता दारू सोडवा.' आईनं त्यातला एक नंबर फिरवला होता, हे सांगताना मला तिचा राग येत नाही, तिची असहायता आठवते. अशा पुडीत काय असतं हे घेणाऱ्याला माहीत नसतं. दारू सोडवण्यासाठी डायसल्फिरम नावाचं खरं औषध आहे, पण ते घेऊन वर दारू प्यायली तर चेहरा लाल होतो, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो, माणूस दगावूही शकतो. म्हणून ते त्याला सांगून, त्याच्या संमतीनं आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायचं असतं. ऑटिस्टिक माणसाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. माझ्या भावाला वरणात हिंग कमी पडला तरी कळतं. आईनं पुडी जेवणात मिसळली त्या दिवशी त्यानं पहिला घास तोंडातून काढून ताटाच्या कडेला ठेवला आणि पुढे तीन आठवडे आईच्या हातचं खाल्लं नाही.

कोंडून ठेवण्याचा उपायही तसाच घातक. रोज पिणाऱ्याची दारू एकदम तोडली तर पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या आसपास भ्रम, भास, ताप. दारू बंद करायची ती औषधांच्या आधारानंच. आंबिवलीहून थेट लोकलनं गाठता येईल असं ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. 14416 या टेलिमानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या क्रमांकावर मराठीत बोलता येतं, 14446 ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे.

व्यसनमुक्ती केंद्रात घातलं की प्रश्न मिटतो, असं आम्हीही धरून चाललो होतो. महाराष्ट्रात या कामाची परंपरा मोठी आहे. पुण्याचं मुक्तांगण 1986 पासून उभं आहे आणि गटात बसून मन मोकळं करणं या पद्धतीनं असंख्य माणसं सावरली आहेत. पण गोल करून बसलेली तीस माणसं, वर गरगरणारे पंखे, टाळ्या, मिठ्या, हे सगळं माझ्या भावासाठी पुन्हा लोकलच होतं. आम्ही पहिल्यांदा जिथं गेलो तिथं सांगण्यात आलं, "नजर चोरतोय, म्हणजे खोटं बोलतोय. अजून कबुलीच नाही." तो खोटं बोलत नव्हता. त्याला डोळ्यांत बघून ऐकताच येत नाही. 'फक्त आजचा दिवस' हे ब्रीद ऐकून त्यानं विचारलं, "मग उद्या प्यायची का?" सगळे हसले आणि तो परत गेला नाही. कागद देणाऱ्या बाईंनी तेच वाक्य असं मांडलं: रोज सकाळी आठला त्या दिवसापुरतं ठरवायचं, दुसऱ्या दिवशी आठ वाजता पुन्हा ठरवायचं. हे त्याला लगेच पटलं. गटाऐवजी समोरासमोर, ठरलेल्या वेळी, मंद उजेडात, लेखी प्रश्नांनी काम सुरू झालं. एवढ्या बदलाला वेगळी इमारत लागत नाही.

आणि कृपा करून त्याच्या गाड्यांच्या वेळापत्रकाच्या नादाला कुणी 'दुसरं व्यसन' म्हणू नये. एखाद्या विषयात बुडून जाणं, पुढेमागे झुलणं, बोटं फिरवत राहणं यातून तो शांत होतो. व्यसन माणसाकडून झोप, पैसा, प्रकृती काढून घेत जातं. वेळापत्रक त्याला काहीतरी देत असतं. पालकांच्या ग्रुपवर 'गांजाच्या तेलानं ऑटिझम बरा होतो' असंही फिरतं. ऑटिझम बरा करणारं कुठलंही औषध जगात नाही.

बाईंनी त्या यादीतल्या प्रत्येक ओळीपुढे दुसरा उपाय लिहायला लावला. आता तो ठाण्याहून दोन गाड्या सोडून तिसरीला बसतो, कानावर आवाज अडवणारे हेडफोन असतात. किचनमध्ये पिवळा बल्ब आहे. घरी आला की एक तास त्याच्याशी कुणी बोलत नाही, आईसुद्धा. पेला तोच आहे, त्यात कोकम सरबत असतं. मध्ये दोनदा घसरला, दोन्ही वेळा तारखेसकट स्वतःच कागदावर लिहून माझ्यापुढे ठेवलं, आणि म्हणाला, "ताई, चौथ्या ओळीचा उपाय अजून सापडलेला नाही."