वायरलाही माया हवी



शिंपी सदरा शिवताना शिवणीच्या आत थोडे कापड जास्त ठेवतो. त्याला 'माया' म्हणतात. आपण वाढलो की आई ती शिवण उसवते आणि सदरा पुन्हा अंगाला येतो. घरातल्या विजेच्या वायरलाही अशीच माया लागते. कशी, ते सांगतो.

मागच्या पावसाळ्यात आमच्या पडवीतले बटण दाबले की चरचर आवाज येई आणि दिवा लुकलुके. बाबांनी वायरमनकाकांना बोलावले. त्यांनी आधी मेन स्विच बंद केला, टेस्टर लावून खात्री केली आणि मग बोर्ड उघडला. आतल्या वायरी इतक्या तोकड्या होत्या की बोर्ड जेमतेम चार बोटे पुढे आला. काका म्हणाले, "हे बघ पोरा, वायर ताणून बसवलीय. ताणलेली वायर स्क्रूखालून हळूहळू सुटते. मग ठिणग्या उडतात, टोक तापतं, प्लास्टिक वितळतं. घरं पेटतात ती अशीच."

जळलेले टोक कापून पुन्हा सोलायला वायरच उरली नव्हती. मी म्हटले, "तुकडा जोडा आणि टेप गुंडाळा की!" काका म्हणाले, "भिंतीतल्या पाईपात जोड लपवायचा नसतो. तो सैल झाला तर दिसणार कुणाला?" शेवटी जुनी वायर ओढून काढली आणि सगळी नवी घातली. वीतभर वायर वाचवली, पण खर्च पडला सगळ्या वायरीचा!

मग माया ठेवायची कुठे आणि किती?

१) बोर्डात प्रत्येक वायर सुमारे १५ सें.मी. जास्त असावी, म्हणजे आपल्यासारख्या मुलांची एक वीत. अमेरिकेतल्या नियमातही ६ इंच, म्हणजे एवढीच लांबी सांगितली आहे. टोक जळले तर तेवढे कापून पुन्हा जोडता येते.

२) लाल फेजची, काळी न्यूट्रलची आणि हिरवी अर्थिंगची. हिरवी बाकीच्या दोघींपेक्षा थोडी लांब ठेवावी. वायरीला हिसका बसलाच तर आपला जीव वाचवणारी ही वायर सर्वांत शेवटी सुटली पाहिजे.

३) खांबावरून घरात येणाऱ्या वायरीला भोकाच्या खाली झोल द्यावा. पावसाचे पाणी झोलाच्या तळाशी येऊन ठिबकते. झोल नसेल तर ते वायरीवरून थेट मीटरपर्यंत जाते. आपल्याकडे पाऊस किती पडतो हे तानशाच्या तलावाला विचारा! १८९२ साली धरण पुरे झाले, अजून मुंबई त्याचे पाणी पिते.

४) माया म्हणजे ढीग नव्हे. जास्तीची वायर बोर्डात कोंबू नये. गुंडाळलेल्या लांब वायरीवर इस्त्री किंवा शेगडी लावू नये. गुंडाळीतली उष्णता बाहेर पडत नाही आणि वायर वितळते.

मित्रांनो, घरातली वीज २३० व्होल्टची असते, म्हणून आपण बोर्ड कधीच उघडायचा नाही. ते काम वायरमनचे. आपण फक्त जवळ, पण हात न लावता, उभे राहायचे आणि विचारायचे, "काका, वीतभर माया ठेवलीत ना?"

पालकांनो, तुमच्या नव्या घराचे काम चालू असेल तर भिंतीला गिलावा होण्याआधीच हे विचारा. नंतर भिंत फोडावी लागू शकते.