वाफा भरताना

बारमाही फुलझाडांचा वाफा नव्याने लावला की पहिला पावसाळा तो उघडाबोडकाच दिसतो. दोन रोपांच्या मध्ये हात-हात माती, एका कोपऱ्यात नुसता उंचवटा, कुठे कंद पुरल्याची खूण म्हणून रोवलेली काडी. लावणाऱ्याचा धीर इथेच सुटतो. तो रोपवाटिकेत परत जातो, आणखी दहा रोपे आणतो आणि मोकळ्या जागा बुजवून टाकतो. दोन वर्षांनी त्याच वाफ्यात कर्दळीच्या पानांखाली निशिगंध पिवळा पडलेला असतो आणि शेवंती उजेडाच्या शोधात लांबट, लुळी झालेली असते. माझे म्हणणे असे की त्या उघड्या मातीकडे जमिनीखालून कोणीतरी निघालेले असते, आणि तिथवर पोहोचण्याची प्रत्येक झाडाची चाल वेगळी असते. ती चाल ओळखता आली की वाफा भरताना बघण्यासारखे बागकामात दुसरे सुख नाही.

उदाहरणादाखल दहा फूट लांब आणि चार फूट रुंद असा वाफा धरू. जागा पुण्यासारखी, जिथे वर्षाचा पाऊस साधारण 700 मिलिमीटर पडतो आणि जूनमध्ये लागवड करता येते. कोकणात किंवा मावळात हाच वाफा करायचा तर तो जमिनीपासून वीतभर उंच, म्हणजे गादीवाफाच करावा. नाहीतर जुलैच्या झडीत निम्मे कंद कुजतात. उंच झाडे वाफ्याच्या उत्तर बाजूला ठेवावीत. हिवाळ्यात आपल्याकडे सूर्य दक्षिणेकडून तिरपा येतो, त्यामुळे उंच झाडांची सावली मागच्या भिंतीवर पडते आणि पुढची बुटकी झाडे उन्हात राहतात. मागे कर्दळ आणि सोनटक्का, मध्ये निशिगंध, शेवंती आणि अबोली, कडेला रेन लिली, एका टोकाला गुलबक्षी. कर्दळ आणि सोनटक्क्याच्या दोन कंदांत दोन फूट, अबोलीत दीड फूट, शेवंतीत एक फूट, निशिगंधात आठ-दहा इंच, लिलीत चार बोटे अंतर सोडावे. रोपवाटिकेतला माणूस हमखास म्हणतो, "ताई, एवढ्या वाफ्याला तीन कंदांनी काय होणार?" तीन कंदच न्यावेत. हे अंतर तिसऱ्या वर्षाच्या झाडासाठी आहे.

लावल्यानंतरचे पहिले दोन-तीन आठवडे वर काहीच घडत नाही, कारण सगळे काम मुळांचे चालू असते. झाड पाणी घेते ते जाड मुळांनी फारसे नाही. मुळांच्या टोकांजवळ जे सूक्ष्म केस असतात त्यांच्यामार्फत घेते. पिशवीतून रोप काढताना, खुरप्याने कंद उचलताना हे केस तुटून जातात. पाने मात्र वाफ सोडतच असतात. म्हणून नवे रोप भर दुपारी मान टाकते आणि संध्याकाळी पुन्हा ताठ होते. संध्याकाळी ताठ झाले तर काळजी नको. संध्याकाळीही मान वर आली नाही, तर मातीत बोट घालून बघावे. कोरडी असेल तर पाणी. चिखल असेल तर पाणी थांबवावे, कारण तिथे मुळांना हवा मिळत नाहीये. या काळात खत घालून झाडाला ढकलण्यात अर्थ नसतो. लागवडीपूर्वी मातीत मिसळलेले कुजलेले शेणखत पुरेसे होते.

आता एकेकाची चाल पाहू. सुरुवात सोनटक्क्यापासून करते, कारण त्याची चाल उघड्या डोळ्यांनी दिसते. हा आले-हळदीच्या कुळातला. त्याचा गड्डा मातीत आडवा पसरतो आणि इतका वर असतो की पावसाने माती धुपली की त्याची पाठ उघडी पडते. या गड्ड्याच्या टोकाचा डोळा फुटतो, वर वळतो आणि त्याचा दांडा होतो. त्या दांड्याच्या बुडाशी, पुढच्या अंगाला दुसरा डोळा तयार होतो. तो थोडे आडवे अंतर कापतो आणि पुन्हा वर येतो. ऑगस्टमध्ये सकाळी वाफ्याजवळ उकिडवे बसून पाहा. जुन्या दांड्यापासून चार-सहा बोटांवर मातीला बारीक भेग पडलेली असते, आणि भेगेत लालसर खवल्यांचा, टोकदार कोंब दिसतो. नखाने जरासा खरवडला तर आल्यासारखा वास येतो. हा कोंब जिथे आला, पुढच्या वर्षीचा कोंब त्याच्याही पुढे येणार. म्हणजे वाफा कोणत्या दिशेने भरणार हे पहिल्याच पावसाळ्यात कळते.

प्रत्येक दांडा एकदाच फुलतो. शेंड्याला हिरव्या, एकावर एक बसलेल्या खवल्यांचे लांबट कणीस होते, खवल्यांतून एकेक पांढरी कळी लांब नळीने बाहेर येते आणि संध्याकाळी उमलते. फुले संपली की त्या दांड्याचे काम झाले. तो वाळू लागला की बुडापासून कापावा, म्हणजे नव्या कोंबांना उजेड मिळतो. पाणी भरपूर असले की हा गडी कुठवर जाईल सांगता येत नाही; ब्राझीलमध्ये आणि हवाई बेटांवर ओढ्याकाठच्या पाणथळ जागा त्याने गिळल्या आहेत. आपल्याकडे आठ महिने कोरडे असल्यामुळे तो आपसूक आवरला जातो. जुन्या घरांत न्हाणीचे पाणी जिथे जाई तिथे सोनटक्का, कर्दळ, अळू आणि केळ लावत. ती जागा अगदी अचूक निवडलेली होती, आणि आजही वाफ्याच्या ज्या टोकाला पाणी साठते ते टोक सोनटक्क्याला द्यावे.

कर्दळीचीही रीत हीच, पण ती घाईची. जूनमध्ये लावलेला कंद गणपतीपर्यंत फुलावर येतो आणि तोवर बाजूने फुटवे निघालेले असतात. नवे पान गुंडाळीसारखे घट्ट वर येते आणि मग सावकाश उलगडते. तिचे फूल एकदा हातात घेऊन बारकाईने पाहावे. ज्यांना आपण पाकळ्या म्हणतो ते लाल-पिवळे रुंद पट्टे म्हणजे रूप बदललेले पुंकेसर आहेत; खऱ्या पाकळ्या त्यांच्या खाली, अरुंद आणि टोकदार असतात. पराग धरणारा पुंकेसर एकच, आणि तोही अर्धा पाकळीसारखा झालेला. फुलून गेलेला दांडा कर्दळीतही मुळापासून छाटायचा. हे केले नाही तर वाफा भरण्याऐवजी वाळक्या दांड्यांनी तुंबतो.

निशिगंध मात्र जागच्या जागी वाढतो. मूळचा मेक्सिकोचा, पण आता आपल्या हारांतून वेगळा काढता येणार नाही इतका आपला झालेला. त्याचा एक कंद एकदाच फूल देतो, आणि मग त्याच्या कुशीला लहान लहान कंद सुटतात. त्यांच्यापैकी जे जाड झाले, साधारण दीड सेंटिमीटर जाडीचे, ते फुलतात. बारके नुसतेच पाने काढत राहतात. म्हणून पहिल्या वर्षी एका जागी एक दांडा, दुसऱ्या वर्षी तीन-चार, आणि तिसऱ्या वर्षानंतर पाने रग्गड पण दांडे आखूड आणि थोडे, असा अनुभव येतो. खालची गर्दी झाली, हा त्याचा अर्थ. वाफा वरून भरगच्च दिसत असताना झाड उपाशी असू शकते, हे निशिगंधाइतके स्पष्ट दुसरे कोणी दाखवत नाही.

शेवंती काश्यांनी पसरते. फुलांचा बहर ओसरला की झाड जमिनीपासून चार-सहा इंचांवर छाटायचे. मग बुडाशी, आणि थोड्या अंतरावरूनही, हिरव्या काश्या वर येतात. प्रत्येकीला स्वतःची मुळे असतात, त्यामुळे त्या सोडवून दुसरीकडे लावता येतात. शेवंतीला कळी धरायला लांब रात्र लागते. फाटकावरचा दिवा रात्रभर तिच्यावर पडत असेल तर झाड हिरवेगार राहते आणि फूल येत नाही. अशा वेळी खत बदलण्यापेक्षा दिव्यावर आडोसा करावा.

अबोली आणि गुलबक्षी बियांनी चालतात. अबोलीची पिकलेली, वाळकी बोंडे पाण्याचा थेंब लागताच फुटतात आणि बी दूर उडते. पावसाची पहिली सर आली की बी उडणार, आणि रुजायला लागणारी ओलही तेव्हाच मिळणार. पण हे गावरान अबोलीचे झाले. बाजारात जिला दिल्ली अबोली म्हणतात, ती मोठ्या केशरी फुलांची जात बीच धरत नाही. तिची छाट कलमेच लावावी लागतात. तेव्हा ही जात लावून रोपे आपोआप उगवतील म्हणून वाट पाहू नये. गुलबक्षीचे उलट आहे. तिची काळी, सुरकुतलेली बी पडेल तिथे रुजते आणि खाली मुळाचा जाड गड्डा करते. मी तिची रोपे चार पानांवर असतानाच उपटते, दोन-तीन ठेवते. दया दाखवली तर संध्याकाळी वाफ्यात फक्त तीच फुललेली दिसेल.

लिलीबद्दल फार सांगायचे नाही. जोराचा पाऊस पडून गेला की दोन-चार दिवसांत फुले, मग पुन्हा गवतासारखी पाने. तिला दाटीवाटी आवडते. कडेची ओळ भरू द्यावी आणि उगाच उकरू नये.

आता मधल्या मोकळ्या मातीचा प्रश्न, म्हणजे तणाचा. पहिल्या वर्षीची निम्मी मेहनत इथे जाते आणि तिचे कारण समजून घेण्यासारखे आहे. मातीच्या वरच्या थरात तणांचे बारीक बी वर्षानुवर्षे पडून असते. त्यातल्या बऱ्याच बियांना रुजण्यासाठी उजेड लागतो. आपण खुरपे चालवतो तेव्हा खालचे बी वर येते, त्याला क्षणभर ऊन लागते आणि आठवड्यात हिरवी साय धरते. पुढे झाडांची पाने एकमेकांना भिडली की हे थांबते, आणि ते केवळ अंधारामुळे थांबत नाही. पानातून गाळून खाली आलेल्या उजेडात तांबडा भाग फार थोडा उरतो, कारण तो हरितद्रव्याने शोषून घेतलेला असतो. डोळ्याला जेमतेम दिसणारा अतितांबडा भाग मात्र पानातून आरपार येतो. बियांमध्ये फायटोक्रोम नावाचे रंगद्रव्य असते. ते या दोन भागांचे प्रमाण ओळखते, आणि डोक्यावर दुसऱ्याची पाने आहेत असे दिसले की बी रुजायचे लांबणीवर टाकते. वाफा भरला की तण कमी होते ते असे. तोवर आपण पालापाचोळ्याचे दोन इंच आच्छादन घालून पानांचे काम तात्पुरते करायचे, फक्त तो पाला झाडाच्या बुंध्याला टेकू द्यायचा नाही.

लव्हाळा या हिशेबात बसत नाही. तो बियांपेक्षा गाठींनी येतो. वरचे पाते ओढले की दोऱ्यासारखा धागा तुटतो आणि काळी गाठ खालीच राहते, पुन्हा फुटते. त्याची एकच दुबळी बाजू आहे, त्याला सावली मानवत नाही. म्हणून लागवडीपूर्वी गाठी वेचून काढाव्यात, नंतर दर आठवड्याला पाते दिसले की काढत राहावे आणि कर्दळीला तिची सावली धरू द्यावी.

मोकळ्या जागा डोळ्यांना अगदीच खुपत असतील तर पहिल्या पावसाळ्यात तिथे झेंडू आणि तेरडा टाकावा. हे पाहुणे एका हंगामाचे. दसऱ्याला झेंडूची तोरणे होतात आणि पुढे झाडे उपटून जागा परत मोकळी होते. झेंडूचा आणखी एक उपयोग असा की त्याच्या मुळांमुळे मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमी आटोक्यात राहतात, आणि निशिगंधाला त्यांचाच त्रास असतो. मधल्या ओळीत झेंडू लावण्याचे मला हे कारण शोभेपेक्षा मोठे वाटते.

पाऊस थांबला, ऑक्टोबरचे ऊन तापले, की नव्या वाफ्याची खरी कसोटी लागते. सोनटक्क्याची पाने कडेने तपकिरी होतात. हिवाळा सरता सरता त्याचे दांडे आडवे पडतात, निशिगंध मंदावतो, आणि वाफा जूनपेक्षाही रिकामा दिसू लागतो. झाडे मेली असे समजून पुष्कळजण इथे पाणी तोडतात. हलकेच माती बाजूला करून गड्डा दाबून पाहा. घट्ट असेल आणि टोकाला फिकट डोळा दिसत असेल तर सगळे ठीक आहे. मऊ पडून आंबूस वास येत असेल तरच तो काढून टाकायचा. उन्हाळ्यात आठवड्याला एक-दोन खोल पाणी पुरते. रोजचा वरवरचा शिडकावा नको, त्याने मुळे वरच्याच थरात राहतात.

दुसऱ्या जूनमध्ये फरक एकदम दिसतो. एका सोनटक्क्याच्या जागी चार-पाच कोंब येतात, कर्दळीचा फुटव्यांचा घेर होतो, शेवंतीच्या दोन रोपांमधले अंतर बुजते. साठवलेल्या गड्ड्याच्या जिवावर ही वाढ होते, म्हणून ती पहिल्या वर्षीपेक्षा इतकी वेगाने होते. या वर्षी खुरपणी कमी आणि छाटणी जास्त. कर्दळ निशिगंधाच्या ओळीवर झुकू लागली तर तिचे पुढचे फुटवे धारदार खुरप्याने उभे कापून काढावेत. निशिगंधाला दिवसभराचे ऊन हवे, त्याच्या बाबतीत तडजोड करू नये. सोनटक्क्याची पाने गुंडाळून आत अळी बसलेली दिसली तर घाबरू नये. बहुधा ते आले-हळदीच्या कुळावर जगणाऱ्या फुलपाखराचे पोर असते. दोन-चार पानांचे नुकसान होते, झाडाचे नाही. मी ती गुंडाळी तशीच राहू देते.

तिसऱ्या पावसाळ्यात माती दिसत नाही. आणि त्याच वर्षी मधोमध पोकळी पडू लागते. सोनटक्का आणि कर्दळ दरवर्षी बाहेरच्या अंगाने पुढे सरकलेली असतात, त्यामुळे मध्ये उरतात ते फुलून संपलेले जुने, कोरडे गड्डे. पाने कडेला दाट आणि मध्ये विरळ दिसली की विभागणीची वेळ आली. ती मे महिन्याच्या शेवटी करावी, डोळे फुगलेले पण फुटलेले नसताना. सगळा गड्डा काट्याने उचलायचा, कडेचे जोमदार, दोन-तीन डोळ्यांचे तुकडे कापून घ्यायचे, कापलेल्या तोंडाला राख लावून एक दिवस सावलीत सुकू द्यायचे. मधला जुना भाग खतखड्ड्यात जातो. खड्ड्यात नवे शेणखत भरून तीन तुकडे परत लावायचे, पुन्हा दोन-दोन फुटांवर. निशिगंधाचे घोस याच वेळी सोडवून जाड कंद वाफ्यात आणि बारके कंद वेगळ्या ओळीत वाढायला लावावेत. उरलेले तुकडे मागणारे शेजारी निघतातच. त्यांना जून उजाडायच्या आत घेऊन जायला सांगावे, आणि देताना डोळ्याची बाजू वर धरून, वर दोन बोटे माती टाकून लावायला दाखवून द्यावे.