आकडा सांगाल, तर दुकान द्याल!

इगतपुरीत आमचे कापडाचे दुकान, तर हिशेबनीस नाशिकला. पूर्वी वह्या घेऊन जावे लागे. आता ते एनीडेस्कवरून तिथे बसून आमचा संगणक चालवतात. सोय मोठी, पण धोकाही तेवढाच. पडद्यावरचा आकडा म्हणजे दुकानाचा पत्ता आणि 'परवानगी' म्हणजे चावी. ती मिळाली की समोरच्याला आपला सारा पडदा दिसतो. बँकेच्या नावाने आकडा मागणाऱ्या ठगांबाबत रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच बँकांना सावध केले होते. तरी गेल्या वर्षी अशाच फोनवर आम्ही आकडा सांगून बसलो. मुलाने इंटरनेटची वायर ओढली म्हणून वाचलो.

विंडोजचाच रिमोट डेस्कटॉप वापरायचा तर दुकानातल्या संगणकात 'प्रो' आवृत्ती लागते. 'होम'मध्ये बाहेरून शिरता येत नाही. विंडोज ७ ची मोफत सुरक्षा-दुरुस्ती जानेवारी २०२० मध्ये, तर विंडोज १० ची ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबली. जुन्या संगणकावर दूरचे काम करणे म्हणजे मोडक्या कुलपावर भरवसा ठेवणे.

व्यापारी बांधवांनो, फोन आपण लावलेला असेल तरच आकडा द्या. काम संपताच जोडणी तोडा. फसलातच तर लाजू नका. ताबडतोब बँकेला कळवा आणि १९३० वर तक्रार करा.