आमच्या घरचा मोडेम

गतवर्षी आपल्या शाळेची सहल बीदरला गेली होती, तेव्हा किल्ला पाहून झाल्यावर आपण नौबादची करेझ पाहावयास गेलो, हे तुमच्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. पंधराव्या शतकात, बहामनी सुलतानांच्या अमदानीत, इराणी पद्धतीने जांभ्या खडकात खोदलेला तो पाण्याचा भूमिगत मार्ग. त्यावर ठिकठिकाणी विहिरीसारखी उभी विवरे आहेत. ती पाहून एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, पाणी जर खालून वाहते, तर वरून इतकी भोके कशाला पाडली?" मी उत्तर दिले, "आत हवा व उजेड जावा, गाळ काढता यावा, आणि पाणी अडले तर ते कोठे अडले हे कळावे, म्हणून." उत्तर बरोबर होते, परंतु त्याचा खरा अर्थ मला काही महिन्यांनंतर, माझ्याच घरात, भिंतीवर टांगलेल्या एका लहानशा पांढऱ्या पेटीने शिकविला. या पेटीस आपण मोडेम म्हणतो. तिची ओळख, तिच्यापायी माझ्या हातून घडलेली एक चूक आणि त्या चुकीने दिलेला धडा, असे तिन्ही आज येथे सांगावयाचे आहे.

मी कला शाखेचा पदवीधर. यंत्रविद्येशी माझा परिचय बेताचाच. तरीही मोडेमचे काम मला चटकन उमगले, याचे कारण आपली ही सरहद्दीवरची दुबलगुंडी. आमच्या घरात कोंकणी बोलतात, वर्गात मी मराठी शिकवितो, बाजारात कन्नडावाचून चालत नाही आणि शेजारी दखनी कानी पडते. एका भाषेतील मजकूर दुसरीत नेणे व तिचे उत्तर पुन्हा पहिलीत आणणे, हा येथील प्रत्येक माणसाचा रोजचा व्यवहार आहे. मोडेम हेच करतो. तो दुभाषा आहे. संगणकाच्या लिपीत दोनच अक्षरे : शून्य आणि एक. पूर्वीच्या टेलिफोनच्या तारेला मात्र ही लिपी ठाऊक नव्हती. ती माणसाच्या आवाजासाठी बनविलेली असून, सेकंदाला सुमारे ३०० ते ३४०० कंपनांचे स्वर तेवढे वाहून नेत असे. म्हणून एका टोकाला शून्य व एक यांचे स्वर बनवावयाचे आणि दुसऱ्या टोकाला त्या स्वरांचे पुन्हा शून्य व एक करावयाचे. पहिल्या क्रियेच्या 'मॉड्युलेशन' आणि दुसऱ्या क्रियेच्या 'डीमॉड्युलेशन' या नावांचे आरंभीचे तुकडे जोडून 'मोडेम' हा शब्द सिद्ध झाला.

१९६२ साली अमेरिकेत 'बेल १०३' नावाचा मोडेम आला. त्याची गती सेकंदाला ३०० बिट, म्हणजे तीनशे शून्ये अथवा एक. देवनागरीतील २००० चिन्हांचे एक पान आजच्या संगणकीय पद्धतीने लिहिले तर त्याचे ४८,००० बिट होतात. ते धाडावयास त्या मोडेमला २ मिनिटे ४० सेकंद लागली असती. आपल्या देशात सर्वसामान्य लोकांसाठी इंटरनेटची सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सुरू केली. टेलिफोनवरून जोडणी मिळविताना मोडेम जो किरकिराट करी, तो तुमच्या वडीलमंडळींपैकी कित्येकांनी ऐकला असेल. पुढे २००४ साली केंद्र सरकारने ब्रॉडबँडचे धोरण ठरविले व सेकंदाला किमान २५६ किलोबिट गतीच्या जोडणीस ते नाव दिले. ही किमान मर्यादा २०१३ साली ५१२ किलोबिट आणि २०२३ साली २ मेगाबिट करण्यात आली. ग्रामपंचायतींपर्यंत काचतंतूचे जाळे नेण्याच्या योजनेस २०११ साली मान्यता मिळाली. २०१५ पासून तिला 'भारतनेट' म्हणतात.

काचतंतू म्हणजे केसासारखा बारीक असा काचेचा धागा. त्यातून वीज वाहत नाही, प्रकाश वाहतो. दहावीच्या विद्यार्थ्यांनी पूर्ण आंतरिक परावर्तन अभ्यासले आहे : काचेच्या आतील प्रकाश विशिष्ट कोनाने तिच्या कडेवर आदळला, तर बाहेर न पडता आतच परततो. असा आपटत, परतत तो मैलोगणती जातो. पंजाबातील मोगा येथे जन्मलेल्या नरिंदरसिंग कपानी यांनी १९५४ साली हॉपकिन्स यांच्यासमवेत, काचतंतूंच्या जुडीतून चित्र नेता येते, हे दाखविले. काच पुरेशी शुद्ध केल्यास तीमधून दूरवर संदेश नेता येतील, हे चार्ल्स काओ यांनी १९६६ साली मांडले व त्यासाठी त्यांना २००९ साली नोबेल पारितोषिक लाभले. काचेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. आमच्या घरची पेटी या प्रकाशाचे विजेच्या संदेशात व विजेच्या संदेशाचे प्रकाशात रूपांतर करते. तज्ज्ञ मंडळी तिला निराळ्या नावाने ओळखतात. पण काम दुभाष्याचेच असल्याने घरोघरी तिला मोडेम हेच नाव रूढ आहे.

जोडणी आल्यावर माझी पहिली तक्रार गतीविषयी होती. पन्नास मेगाबिटचे पैसे भरून, शंभर मेगाबाईटचा धडा उतरवावयास दोनऐवजी सोळा सेकंद का लागावीत? माझी फसवणूक होत आहे, अशी माझी खात्रीच झाली. वास्तविक चूक माझ्या गणिताची होती. आठ बिटांचा एक बाईट होतो. म्हणजे शंभर मेगाबाईटचे आठशे मेगाबिट झाले, आणि आठशेला पन्नासाने भागले की सोळाच येतात! तेव्हा, विद्यार्थिमित्रहो, तक्रार करण्यापूर्वी एकके तपासावीत, हा पहिला धडा.

दुसरा धडा अधिक कठोर होता. गेल्या पावसाळ्यात आमच्या माडीचे छत गळू लागले. पुस्तके भिजू नयेत म्हणून मी व घरच्यांनी मिळून लोखंडी कपाट सरकविले आणि ज्या भिंतीवर मोडेम टांगला आहे, त्या भिंतीला लावून ठेवले. संध्याकाळी पाहतो तो पेटीवर एक लाल दिवा लुकलुकत होता आणि इंटरनेट बंद. त्याच दिवशी आठवीतील एका विद्यार्थिनीचा शिष्यवृत्ती परीक्षेचा अर्ज भरण्याची मुदत मध्यरात्री संपत होती. तिच्या घरी ना संगणक, ना असली पेटी, "गुरुजी, तुमच्याकडे होईल ना?" असे विचारून तिचे वडील कागदपत्रे घेऊन माझ्या दारात उभे होते. मोबाईलवरून प्रयत्न केला. परंतु त्या पावसात लहर इतकी क्षीण की कागदपत्रे चढविता चढविता पान मध्येच तुटे.

मी काय केले? मोडेम बंद केला, चालू केला, वायरी काढल्या, उलटसुलट लावल्या, सांकेतिक शब्द बदलला. हे सर्व एकाच वेळी. काहीच साधले नाही, आणि नेमके काय केल्याने साधले नाही, हेही कळले नाही. मग जोडणी देणाऱ्यांच्या तरुण लाइनमनला मी दूरध्वनी केला आणि शिक्षकाला न शोभणाऱ्या शब्दांत त्याला बोललो. "तुम्हांला गावच्या मुलांची पर्वा नाही," असेही म्हणालो. तो शांतपणे एवढेच म्हणाला, "सर, इकडची लाइन चालू दिसते. सकाळी येतो." अखेर मुलीला व तिच्या वडिलांना घेऊन मी हुमनाबादला गेलो. एका दुकानदाराने आमच्यासाठी दुकान उघडे ठेवले आणि मुदत संपण्यापूर्वी अर्ज गेला. परंतु तो गेला नसता तर? त्या मुलीचे एक वर्ष एका लाल दिव्यापायी बुडाले असते.

दुसऱ्या दिवशी भर पावसात लाइनमन आला. त्याने घाई केली नाही. प्रथम घराबाहेरच्या जोडणीवर छोटे यंत्र लावून प्रकाश मोजला. तेथे तो पुरेसा होता. म्हणजे दोष घराच्या आतच. मग पेटीकडे जाणाऱ्या पातळ पिवळ्या वायरीच्या एका टोकाला त्याने लाल प्रकाशाची लेखणी लावली आणि मला खोलीतला दिवा मालवावयास सांगितले. कपाटाच्या मागे, जेथे वायर दुमडून चेपली गेली होती, तेथे तिच्या वेष्टनातून तांबडा उजेड पाझरत होता. काचतंतू फार वाकला की प्रकाश हवा त्या कोनाने कडेवर आदळत नाही आणि बाहेर निसटतो. त्याने कपाट हातभर ओढले, वायर सैल वळणावर ठेवली आणि लाल दिवा विझला. "सर, तुटली नव्हती, नुसती वाकली होती," तो म्हणाला. दोष त्याचा नव्हता. माझ्या कपाटाचा, किंबहुना माझा होता. मी त्याची क्षमा मागितली. तो हसला, चहा घेतला आणि पुढच्या गावाकडे निघून गेला. त्याच्या हसण्याने मी अधिकच ओशाळलो.

त्या दिवशी मला करेझची विवरे आठवली. पाण्याचा मार्ग लांब असतो. अडथळा कोठे आहे हे वरून दिसत नाही. म्हणून एका विवरात डोकावायचे. पाणी वाहते आहे असे दिसले, तर पुढच्यात. ज्या दोन विवरांपैकी एकात पाणी आहे व दुसऱ्यात नाही, त्यांच्या मध्येच अडथळा. मोडेमवरील दिवे हीच आपली विवरे आहेत. पहिला दिवा वीज आल्याचे सांगतो. दुसरा काचतंतूतून प्रकाश पोहोचल्याचे. तिसरा पलीकडे इंटरनेट मिळाल्याचे. चौथा घरात वाय-फायची लहर पसरत असल्याचे. पेट्यांनुसार नावे व क्रम बदलतात. परंतु प्रकाश येईनासा झाला की बहुधा लाल दिवाच लागतो.

यास्तव घरातील जोडणी बंद पडल्यास पुढील क्रम लक्षात ठेवावा. प्रथम दिवे पाहावेत व कोणता लागला नाही ते वहीत वेळेसह लिहावे. वीज येत असून लाल दिवा लागला असल्यास वायर कोठे दुमडली आहे का, हे नुसते डोळ्यांनी पाहावे. सर्व दिवे ठीक असून गती मंद असल्यास पेटीजवळ जाऊन पाहावे. जवळ गती चांगली व दूर वाईट, तर दोष लाइनचा नसून मधल्या भिंतींचा. आपल्या जुन्या घरांच्या जाड दगडी भिंती व लोखंडी कपाटे वाय-फायच्या लहरी अडवितात. ५ गिगाहर्ट्झची लहर २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीपेक्षा लवकर थकते. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि तिचा परिणाम पाहून मगच दुसरी. काचतंतूचे टोक मात्र कधीही काढू नये व डोळ्यांसमोर धरू नये. त्यातील प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण इजा करू शकतो.

आणि शेवटचे. इतके सर्व पाहून झाल्यावरच लाइनमनला दूरध्वनी करावा, आणि तोही सौम्य शब्दांत. दोष कोणाचा हे ठरविण्याआधी दोष कोठे आहे हे शोधणे, ही केवळ यंत्राची रीत नव्हे; घरात, वर्गात, मित्रामित्रांत वाद उपस्थित झाला, तरी हीच रीत उपयोगी पडते. आमचे कपाट आता भिंतीपासून हातभर दूर उभे असते. त्यामागची मोकळी जागा पाहुण्यांना विचित्र वाटते. मला मात्र ती रोज काहीतरी आठवण करून देते.