बोंडअळी आणि संगणकाचा व्हायरस

२००२ मध्ये बीटी कपाशी आली, तेव्हा बोंडअळीचा प्रश्न कायमचा मिटला असे अनेकांना वाटले. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने विदर्भात बीटीचीच बोंडे पोखरली. बीटी कपाशीतले विष अळीला पचू लागले होते. संगणक किंवा रोबो व्हायरसपासून कायमचा सुरक्षित करता येईल का, याचे ‘नाही’ हे उत्तर म्हणूनच खामगाव-मलकापूरच्या कापूसवाल्याला लवकर पटेल.

साध्या कॅलक्युलेटरला व्हायरस लागत नाही, कारण त्याला नवे काम शिकवताच येत नाही. संगणक मात्र सांगाल ते करतो आणि सांगणारा मालक की चोर, हे त्याला आपणहून कळत नाही. प्रत्येक व्हायरस बिनचूक ओळखेल आणि निर्दोष प्रोग्रामवर आळ घेणार नाही, असा प्रोग्राम लिहिताच येत नाही, हे अमेरिकेतील फ्रेड कोहेन यांनी १९८४ मध्येच सिद्ध केले. पुण्यात कॅलक्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात करणाऱ्या कैलाश काटकर यांच्या ‘क्विक हील’लाही म्हणूनच सतत अपडेट द्यावे लागतात.

रोबोचे दुखणे अधिक गंभीर, कारण त्याला हात असतात. कंपनीची डिजिटल सही नसलेला प्रोग्राम न स्वीकारणारे यंत्र बनवता येते आणि त्याने धोका खूप घटतो. पण २०१० मध्ये उघडकीस आलेल्या स्टक्सनेट व्हायरसने चोरलेल्या खऱ्या सह्याच वापरल्या, इराणमधील नतांझची सेंट्रिफ्यूज यंत्रे बिघडवली आणि पडद्यावर सारे सुरळीत दाखवले. २७ जून २०१७ रोजी आपल्या जेएनपीटी बंदरातील एका टर्मिनलचे काम नॉटपेट्या व्हायरसने विस्कळीत केले. तो पसरला युक्रेनमधील हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. तरीही अपडेट टाळू नयेत. त्याच वर्षी मे महिन्यात आलेल्या वॉनाक्राय व्हायरसवरचा उपाय मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता. तो न बसवलेले संगणक त्याच्या तावडीत सापडले.

बीटीच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम बिगरबीटी बियाणे मिळायचे. अळीत प्रतिकारशक्ती वाढू नये म्हणून ते कडेने पेरायचे होते. कित्येकांनी ते पेरलेच नाही. संगणकाच्या बाबतीत असेच दुर्लक्ष बॅकअपकडे होते. पतसंस्था असो, सेतू केंद्र असो की जिनिंगचा हिशेब, आजच सगळ्या फायलींची एक प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर घ्या आणि ती डिस्क संगणकापासून काढून कपाटात ठेवा.